गाजर गवतावर मेक्सिकन भुंगा: कधी सोडायचा, कुठं सोडायचा आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी दादांच्या बांधावर, पाटाच्या कडेनं आणि शेजारच्या गायरानात गाजर गवत कमरेएवढं माजलंय. गेल्या फेब्रुवारीत त्यांनी कुठून तरी गाजर गवत खाणारे दोनशे मेक्सिकन भुंगे आणून पाटाकडेच्या गवतावर सोडले, आठ-दहा दिवसांत भुंगे दिसेनासे झाले आणि गवत आहे तसंच राहिलं. आता ते विचारतायत की हा भुंगा खरंच काम करतो का, परत आणावा का, आणि शेजारच्या प्लॉटमध्ये सूर्यफूल आहे त्याला काही धोका आहे का.

दादा, भुंगा काम करतो. पण फेब्रुवारीत करत नाही, आणि पाटाकडेला तर त्याच्याकडून फार कमी काम होतं. तुमचे भुंगे बहुतेक मेलेही नसतील, जमिनीत गेले असतील. ह्या किड्याचं वर्ष आपल्या पावसावर चालतं. वळवाचा पाऊस झाला, जमीन ओली झाली की तो मातीतून वर येतो, जून ते सप्टेंबर-ऑक्टोबर खातो, अंडी घालतो, पिढ्या काढतो, आणि पावसाळा ओसरायला लागला की एकेक करून परत मातीत काही इंच खोल शिरून बसतो ते पुढच्या पावसापर्यंत, म्हणजे सहा-सहा महिने काही न खाता सुप्तावस्थेत. सगळे एकाच दिवशी जात नाहीत, काही ऑगस्टमध्येच जातात, काही नोव्हेंबरपर्यंत वर असतात, आणि जिथं बारमाही ओलावा आहे तिथं थोडे हिवाळ्यातही दिसतात. पण फेब्रुवारीत आणलेला भुंगा म्हणजे एकतर झोपायला निघालेला किंवा नुकताच झोपेतून उकरून काढलेला. त्याला बॉक्समध्ये भरून विकणाऱ्यानं तुम्हाला हे सांगायला पाहिजे होतं.

थोडं मागचं सांगतो, कारण त्याशिवाय अपेक्षा किती ठेवायची ते कळत नाही. गाजर गवत मूळचं मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या अमेरिकेतलं. आपल्याकडे त्याची ठळक नोंद झाली ती १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात, कचऱ्याच्या ढिगांवर, आणि तिथून पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ते देशभर गेलं. ते इतकं का माजलं? बी भरपूर हे एक कारण, एका चांगल्या वाढलेल्या झाडाला हजारोंनी बी धरतं, उगवल्यापासून साधारण महिन्याभरात फुलायला लागतं, थंडी-ऊन काही असो थोडा ओलावा मिळाला की परत उगवतं. मुळातून आणि पानातून सुटणारी द्रव्यं शेजारच्या झाडांची वाढ दाबतात. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि चाऱ्यात मिसळून पोटात गेलंच तर दुधाला कडवटपणा येतो. पण ह्या सगळ्याच्या जोडीला महत्त्वाचं कारण हे की ते इथं आलं तेव्हा त्याला खाणारं कुणी बरोबर आलं नाही. मेक्सिकोत त्याचं पान खाणारे, खोडात शिरणारे, बी पोखरणारे किडे आहेत, तांबेरा हा बुरशीचा रोग आहे, तिथं ते इतर तणांसारखं एक तण म्हणून राहतं. इथं त्याला मोकळं रान मिळालं.

म्हणून १९८३ साली मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकलराटा हा, म्हणजेच आपला मेक्सिकन भुंगा, बेंगळुरूला आणला गेला, बंदिस्त प्रयोगशाळेत चाळीसेक प्रकारच्या पिकांवर-झाडांवर तपासला गेला, आणि ऑगस्ट १९८४ मध्ये तिथं पहिल्यांदा उघड्यावर सोडला गेला. पहिली तीनेक वर्षं लोकांना काही विशेष दिसलं नाही. मग १९८८ च्या आसपास बेंगळुरूच्या भागात त्याची संख्या इतकी वाढली की पावसाळ्यात गाजर गवताच्या पट्ट्यांची पानंच शिल्लक राहिना, आणि त्या जागी दुसरी गवतं, दुसरी झाडं परत उगवायला लागली. ही तीन वर्षं लक्षात ठेवा. पहिल्याच सीझनला रिझल्ट मागणाऱ्या माणसाचं हे काम नाही.

आता किडा ओळखायला शिका, कारण निम्मा घोळ तिथंच होतो. प्रौढ भुंगा साधारण सहा मिलिमीटरचा, तुरीच्या दाण्याएवढा, पाठ मळकट पांढरी आणि तिच्यावर गडद तपकिरी नागमोडी उभ्या रेघा, डोकं तपकिरी. मला लोक वांग्यावरच्या हड्डा भुंग्याचे फोटो पाठवतात, तो लालसर-तपकिरी असतो आणि त्याच्यावर काळे ठिपके असतात, तो नव्हे. लाल पाठीवर काळे ठिपके किंवा पट्टे असलेला ढालकिडाही नव्हे, ते बिचारे मावा खातात. मेक्सिकन भुंग्याची अंडी पिवळट, पानाच्या खालच्या बाजूला सुटी किंवा चार-सहाच्या पुंजक्यात. चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते, आणि सगळ्यात मोलाचं नुकसान ही बारीक अळी करते कारण ती शेंड्यात आणि बगलेतल्या कोंबात शिरून खाते, म्हणजे जिथून फुलाचा तुरा येणार तोच कोंब खलास. मोठी झाली की पानावर येते, दहा-पंधरा दिवस खाते, मग मातीत उतरून कोष करते आणि आठवडा-दीड आठवड्यात भुंगा होऊन वर. महिन्याभरात एक पिढी. पावसाळ्यात तीन-चार पिढ्या निघतात, आणि एक मादी शेकड्यांनी अंडी घालते, त्यामुळे जुलैत शोधून सापडणारा किडा सप्टेंबरात पानापानावर दिसतो.

ह्यातच त्याची अडचणही आहे. जून-जुलैत गवत जोरात वाढतं तेव्हा भुंगे कमी असतात, आणि भुंगे भरपूर होतात तोपर्यंत पहिल्या पाण्यावर उगवलेली झाडं फुलून बी टाकून मोकळी झालेली असतात. लवकर, म्हणजे फुलायच्या आधी, खाल्लेलं झाड खुजं राहतं, फुलं अगदी कमी येतात किंवा येतच नाहीत, काही मरतात. उशिरा खाल्लेलं झाड वाळल्यासारखं दिसतं, आपल्याला बरं वाटतं, पण बी पडून गेलेलं असतं. म्हणून माझा आग्रह असतो की यश मोजायचं ते मेलेल्या झाडांवरून नाही, फुलांवरून मोजायचं. एक ठरावीक पट्टा धरा, दहा पावलं बाय दहा पावलं, आणि दर ऑगस्टच्या शेवटी त्यातली पांढरी फुललेली झाडं किती ते लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांनी तो आकडा खाली येत असेल तर भुंगा बसलाय.

सूर्यफुलाचं विचारलंत ते बरं केलंत, ही भीती हवेतून आलेली नाही. १९९० नंतर कर्नाटकात सूर्यफुलाच्या पानांवर हे भुंगे खाताना दिसले, मोठी ओरड झाली, सोडण्याचं काम काही वर्षं थांबवलं गेलं आणि केंद्र सरकारनं चौकशी समिती नेमली. तपासात असं दिसलं की आजूबाजूला गाजर गवत दाट फुललेलं असलं की त्याचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसतात, आणि त्या वासा-चवीला भुलून भुंगा ते पान कुरतडतो, किंवा सगळं गवत खाऊन संपलं की उपाशी भुंगे जवळच्या सूर्यफुलावर चढतात. पण सूर्यफुलावर राहून पिढ्यामागून पिढ्या वाढल्या असं शेतात झालं नाही, आणि त्यानंतर इतकी वर्षं हा किडा देशभर पसरूनही सूर्यफुलाची कीड म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही. तरीही शेजाऱ्याचं मन राखायचं असेल तर सूर्यफुलाला लागून असलेल्या दहा-पंधरा फुटांच्या पट्टीतलं गाजर गवत फुलायच्या आत हातानं काढून टाका, परागकणांचाही प्रश्न मिटतो आणि भुंग्याच्या भुकेचाही. सोयाबीन, तूर, ज्वारी, ऊस ह्यांना तो हात लावत नाही.

सोडण्याआधी किडा पिकांवर तपासून बघण्याबद्दल मला मनापासून बोलायचंय कारण आजकाल कुणीही म्हणतं की अमुक देशात तमुक किडा आहे, आणून सोडूया. असं करायचं नसतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये गाजर गवतावर हा भुंगा आहेच, शिवाय खोडात गाठ करणारा एक पतंग, बी खाणारा सोंड्या, तांबेऱ्याचे दोन प्रकार, असे कितीतरी शत्रू सोडलेत आणि तिथं ते मिळून काम करतात. तो गाठीचा पतंग, एपिब्लेमा, खूप कामाचा आहे. तो आपल्याकडेही आणून बंदिस्त जागेत तपासला होता, आणि तपासताना तो कारळ्यावर वाढतोय असं दिसलं. कारळं, म्हणजे खुरासणी, आपल्या आदिवासी पट्ट्यातल्या शेतकऱ्याचं तेलाचं पीक, चटणीचं पीक. ऑस्ट्रेलियात कारळं हे काही मोठं पीक नाही म्हणून तिथं तो चालतो, इथं नाही चालत. तो सगळा साठा नष्ट करण्यात आला. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. सोडलेला किडा परत बोलावता येत नाही.

आणि बरोबर किडा सापडला की काय होतं तेही आपल्या मातीत घडून गेलंय. फड्या निवडुंग जुन्या माणसांना विचारा. तोही अमेरिकेतलाच, एकेकाळी दख्खनमध्ये गावंच्या गावं त्यानं वेढलेली होती. १९२६ च्या सुमारास श्रीलंकेतून कोचिनीलच्या (निवडुंगावर जगणारा, लाल रंग देणारा किडा) जातीचा एक पांढऱ्या कापसासारखा दिसणारा किडा आणून सोडला आणि काही वर्षांत ती दाट रानं कोसळली. त्याच्याही आधी, १७९५ मध्ये, रंगासाठी खरं कोचिनील म्हणून ब्राझीलहून चुकून दुसराच किडा आणला गेला आणि त्यानं निवडुंगाची एक वेगळी जात संपवत आणली, किड्यानं तण आवरल्याचं जगातलं पहिलं ठळक उदाहरण म्हणून त्याचं नाव घेतात. पण गाजर गवताकडून निवडुंगाइतकं मागू नका. निवडुंग वर्षानुवर्षं एका जागी उभा, किडा वर्षभर त्याच्यावर बसून. गाजर गवत महिन्याभरात उगवून फुलून मोकळं, आणि वर्षातले सहा महिने त्याचा शत्रू जमिनीत.

म्हणून मी काम वाटून घ्यायला सांगतो. पावसाळ्यातलं पडीक जागेतलं गवत भुंग्याचं. हिवाळ्या-उन्हाळ्यात पाटाकडेला, ऊसाच्या बांधाला, गोठ्याच्या सांडपाण्यावर, बोअरच्या हौदाजवळ जे उगवतं ते तुमचं, ते हातानंच काढायचं. ही दुसरी लाट लोक विसरतात. पावसाळ्यात भुंग्यानं केलेली सगळी मेहनत ह्या पाण्यावर वाढलेल्या झाडांच्या बियांनी वाया जाते कारण तेव्हा त्यांना खाणारं कुणी वर नसतं आणि ते बी पाटाच्या पाण्याबरोबर थेट रानात जातं. ही झाडं मोजकी असतात, जमीन ओली असते, मुळासकट सहज येतात, फुलायच्या आधी काढली तर कंपोस्टच्या खड्ड्यात टाकता येतात, उत्तम खत होतं. फुललेलं मात्र खड्ड्यात टाकू नका.

आता सोडण्याबद्दल. भुंगे विकत घ्यायच्या आधी जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तुमच्या गायरानात सकाळी तासभर फिरा. कुरतडलेले शेंडे, पानाच्या कडा खाल्लेल्या, खाली पिवळी अंडी, असं काही दिसलं तर भुंगा तुमच्याकडे आधीच आलेला आहे, आणि महाराष्ट्रात बऱ्याच भागात तो आलेला आहे. मग पैसे घालवू नका, त्याला नुसतं जपा. अजिबात नसेल तर कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करा, तिथं मिळण्याची शक्यता असते. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयानंही ह्या भुंग्यावर आणि त्याच्या वाटपावर बरंच काम केलंय, दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला ते गाजर गवत जागृती सप्ताह घेतात. किंवा सगळ्यात सोपं, ज्या गावात ऑगस्टमध्ये भरपूर दिसतायत तिथून गोळा करून आणा. झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, आत गाजर गवताचे ताजे शेंडे, पाणी अजिबात नाही, डबा उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही, आणि त्याच दिवशी संध्याकाळी सोडायचे.

शिफारस हेक्टरी पाचशे ते हजार भुंग्यांची आहे. तुमच्याकडे दोनशेच असतील तर ते सगळ्या गायरानभर उधळू नका. एकच जागा निवडा, दाट कोवळं गवत असलेली, पाणी साचत नाही अशी, जिथं नांगर, जेसीबी आणि फवारा ह्यातलं काही पुढची दोन-तीन वर्षं येणार नाही. तिथं सगळे एकत्र सोडा. नर-मादी एकमेकांना सापडले पाहिजेत, अंडी दाट पडली पाहिजेत, मग ते स्वतःहून पसरतात, भुंगा चांगला उडतो. हवं तर मच्छरदाणीचं कापड चार काठ्यांवर ताणून गवतावरच पिंजरा करा, कडा मातीनं दाबा, आत पंचवीस-तीस भुंगे सोडा आणि गवत संपत आलं की कापड उचलून दुसरीकडे लावा. अळ्या आणि मातीतले कोष जुन्या जागीच वाढतात. शाळेतली मुलं हे फार आवडीनं करतात, फक्त हातमोजे घालून.

जमीन न हलवणं ही अट मी पुन्हा सांगतो. नोव्हेंबरनंतर तुमचा सगळा साठा त्या मातीत झोपलेला असतो. डिसेंबरात कुणी गायरान सपाट करायला जेसीबी घातला की पुढच्या जूनला वर यायला कुणी उरत नाही. तसंच सोयाबीन-कापसावर कीटकनाशक मारताना नोझल बांधाकडे वळवू नका, ते औषध मित्र-शत्रू बघत नाही. तणनाशकाचं म्हणाल तर सगळ्या पट्ट्यावर एकदम ग्लायफोसेट मारलं तर गवतही जातं, भुंग्याचं खाणंही जातं, आणि मोकळ्या जमिनीवर पहिलं परत येतं ते गाजर गवतच, कारण त्याचं गाडलेलं बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं. फवारायचंच असेल तर शेताच्या आतल्या भागात, त्या पिकाला चालणारं तणनाशक, आणि गायरानाचा पट्टा सोडून.

मोकळी झालेली जागा भरणं हे निम्मं काम आहे आणि ते कुणी करत नाही. भुंग्यानं पानं खाल्ली, झाडं खुजी झाली, आता तिथं ऊन जमिनीपर्यंत पोचतं, तिथं काय उगवणार? टाकळा लावा. विदर्भात ज्याला तरोटा म्हणतात तो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रस्त्याकडेच्या टाकळ्याच्या वाळलेल्या शेंगा पोतंभर गोळा करून ठेवा आणि मे अखेरीला, वळवाच्या आधी, गाजर गवताच्या पट्ट्यावर दाट फेका. टाकळा पहिल्या पावसात एकदम उगवतो, दाट सावली करतो, गुरं फारशी खात नाहीत म्हणून टिकतो, आणि कोवळी पानं भाजीला होतात. पूर्वी ह्याच कामासाठी एका परदेशी तरोट्याच्या जातीचीही शिफारस व्हायची, ती मी सांगणार नाही, तीही अमेरिकेतली आहे आणि आता पठारावर स्वतःच माजलेली दिसते. आपला टाकळा घ्या. गायरानात गुरं चारायची असतील तर टाकळ्याऐवजी पवना, मारवेल अशा देशी गवताची ठोंबं लावून दोन पावसाळे ती जागा चराईला बंद ठेवणं जास्त चांगलं, त्याला गावाचा ठराव लागतो.

आणि ठराव मुळातच लागणार आहे. आपल्या शेतापुरता एकट्यानं भुंगा पाळता येत नाही, तो तुमचा बांध ओळखत नाही. सरपंचांना आणि शेजारच्या चार शेतकऱ्यांना घेऊन एवढंच ठरवा की गायरानाचा हा कोपरा नांगरायचा नाही, फवारायचा नाही, आणि दर जानेवारीत एक दिवस सगळ्यांनी मिळून पाटाकडेचं गवत फुलायच्या आत उपटायचं. चार-पाच वर्षं धरून चला. गाजर गवत गावातून पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही, पण कमरेएवढं रान घोट्याएवढं आणि विरळ झालेलं, त्यात परत चरण्यासारखं गवत आलेलं, हे होऊ शकतं.

अजून एक, उपटायच्या दिवशी. गाजर गवतातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्यामुळे कातडीला ऍलर्जी येते आणि ती आयुष्यभर पिच्छा सोडत नाही, परागकणांनी दम्याचा त्रास वाढतो. ज्याला आधीच चट्टे उठतात किंवा धाप लागते त्याला ह्या कामाला अजिबात लावू नका, बाकीच्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधूनच हात घालायचा, आणि घरी आल्यावर अंघोळ करून ते कपडे वेगळे धुवायचे, घरातल्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. बायका मजुरीनं भांगलायला येतात त्यांना हातमोजे तुम्ही घेऊन द्या.